गोवरीवरची बोटं

पारूबाई गंगाराम सोनकांबळे. माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. हे नाव आधी लिहायचं आणि मग बाकीचं, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. आमच्या घरात पहिली पदवी माझी. पण त्या पदवीच्या कागदावर माझ्याऐवजी तिचं नाव छापून आलं असतं, तरी मला त्यात काही चूक वाटली नसती.

एप्रिल लागला की हैदराबादेत कडुलिंब फुलतो. अंबरपेठेच्या गल्ल्यांतून चाललं की पायाखाली बारीक पांढरी फुलं येतात आणि सायकलच्या सीटवरही त्यांचा थर बसतो. कोठीच्या फुटपाथवर जुन्या गाइडांचे ढीग उंच होत जातात. काचीगुड्याला नांदेडकडची गाडी आली की डोक्यावर गाठोडी आणि कडेवर पोरं घेऊन आमच्याकडची माणसं उतरतात आणि स्टेशनाबाहेर आधी पाणी कुठं मिळेल ते शोधतात. माझ्या लेखी हा ऋतू परीक्षेचा. मी आता ज्या कलाशाळेत शिकवतो तिथं याच दिवसांत वार्षिक प्रदर्शन असतं. भिंती रंगवून होतात, खिळे ठोकले जातात, कुणाची तरी चौकट ऐन वेळी निखळते.

परवा अशाच धांदलीत माती मळत होतो आणि फोन उघडायला गेलो. अंगठा ठेवला, फोन उघडेना. पुसला, पुन्हा ठेवला. नाहीच. शेजारी उभी असलेली माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, फोननं तुम्हाला ओळखलं नाही!" आणि मला एकदम हसू फुटलं. ती बिचारी गोंधळली. तिला काय सांगणार? माझ्या कानात आत्याची मैत्रीण साबेराबी बोलत होती, "पिलीज टिराय अगेन!"

आंध्र आणि तेलंगणा वेगळे झाले तो उन्हाळा. मी चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. सगळ्या शहराला एकच विषय होता : आता कोण इकडचा आणि कोण तिकडचा. चहाच्या टपरीवर, बसच्या रांगेत, नळावर. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं जुन्या राज्याचं नाव पुसून नवं लिहायचं होतं आणि काचीगुड्यातल्या एका पेंटरकडे मी फावल्या वेळात ते काम करत असे. एका पाटीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले तरी जुनी अक्षरं खालून दिसत राहायची. मी आत्याला ते सांगितलं तर ती म्हणाली, "दिसणारच की. माझ्या बापानं एकाच गावात, एकाच झोपडीत राहून तीन राज्यं बघितली. आधी निजामाचं, मग मुंबईचं, मग महाराष्ट्राचं. गाव काय इतभर हललं न्हाई. राज्यच सरकत गेलं."

"मग आजोबा स्वतःला कुठले म्हणायचे?"

"बापू? बापू म्हणायचे, मी देगलूरच्या वाटंवरचा."

आत्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. रेशनचा असो, बँकेचा असो, कुठलाही कागद हातात आला की ती तो उलटसुलट करून खालचा कोपरा शोधायची आणि तिथं बोट ठेवून म्हणायची, "हितं ना?" अंगठा उठवणाऱ्या माणसाला कागदाची तेवढीच जागा माहीत असते. मला मात्र ती लहानपणापासून बजावत आली, "दिगू, शाईत अंगठा बुडवायची पाळी तुझ्यावर येऊ नये बाबा. सही कर. झोकात सही कर." गावाकडच्या शाळेत मी पाटीभर सह्या करायचो आणि सुट्टीला ती आली की दाखवायचो. तिला वाचता येत नसे, पण सहीच्या शेवटी मी जी लांब रेघ ओढायचो ती तिला आवडायची. "ही रेघ साहेबासारखी आलीय," म्हणायची.

एका सुट्टीत मी तिनं आणलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडायला गेलो आणि उजव्या अंगठ्याला आडवी चीर पडली. खोल गेली होती. तिनं हळद दाबली, पदराचा काठ फाडून बांधला आणि मी रडतोय हे बघून स्वतःच रडायला लागली. "सहीचा हात होता गं माझ्या लेकराचा," असं शेजारणीला सांगत होती. व्रण राहिला. अजून आहे.

बारावीनंतर तिनंच मला हैदराबादला आणलं. चित्रकलेला जाणार म्हटल्यावर भावकीत सगळे हसले. "चित्रं काढून पोट भरतं व्हय?" आत्या म्हणाली, "माझं भांडी घासून भरलं. त्याचं चित्रं काढून भरंल." विषय संपला.

ती कोठीतल्या एका नर्सिंग होममध्ये आया होती. फरशी, भांडी, ट्रे, रुग्णांचं उचलणं-ठेवणं. बावीस वर्षं. तिच्यासोबत यादम्मा आणि साबेराबी. यादम्मा तेलुगू, उंच, भरड्या आवाजाची. साबेराबी बारीक चणीची, तोंडात कायम सुपारी. तिघी एकाच वस्तीत राहायच्या, एकाच बसनं जायच्या आणि तीन भाषांत भांडायच्या. भांडण मात्र एकच असायचं : खिडकीची जागा.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला नर्सिंग होममध्ये हजेरीचं मशीन आलं. अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की माणूस हजर. आदल्या दिवशी आत्यानं मला विचारलं, "दिगू, ते मशीन कसं असतंय रे?"

मी कॉलेजातला हुशार मुलगा. मी म्हटलं, "काही नाही आत्या. फक्त हात एकदम स्वच्छ पाहिजेत. जरा घाण असली की मशीन घेत नाही."

माझी चूक झाली ती इथं. संध्याकाळी नळावर तिघी बसल्या आणि पितळेचे हंडे घासावेत तशी त्यांनी बोटं घासली. विटेची भुकटी आणि काथ्या. सरकारी असो की खाजगी, मशीन महागाचं. त्याला आपले कामाचे हात लावायचे म्हणजे काय? आत्या मला बोटं दाखवत म्हणाली, "बघ, कशी चकाकायलीत!" आणि मी "वा!" म्हणालो. मी खरोखर "वा!" म्हणालो. सोडा, फिनेल आणि तारेची घासणी यांनी वर्षानुवर्षं झिजलेल्या बोटांवर ज्या काही पुसट रेषा उरल्या होत्या, त्या त्या संध्याकाळी माझ्या सल्ल्यानं गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मशीनची बाई बोलायला लागली, "प्लीज ट्राय अगेन." एकदा, दोनदा, दहादा. मागं रांग खोळंबायची. डॉक्टर हिरवा दिवा लावून जायचे, हिशेबनीस जायचा, परवा नोकरीला लागलेली मुलगी जायची. या तिघी बाजूला उभ्या. साबेराबीनं त्याची थट्टाच करून टाकली. डबा खाताना यादम्मानं लोणचं मागितलं की ती डबा मागं ओढून नाकातून म्हणायची, "पिलीज टिराय अगेन!" यादम्मा तिला चापट मारायची. तिघी हसायच्या. पण घरी आल्यावर आत्या आपला अंगठा उजेडात धरून बघत बसायची.

रेषा काही आठवड्यांत परत येतात म्हणे. पण त्यासाठी घासणं थांबवावं लागतं आणि घासणं हेच तर त्यांचं काम होतं.

मग व्यवस्थापकानं सूचनेचे कागद वाटले. पुढच्या एक तारखेपासून मशीन ज्याला ओळखणार नाही तो गैरहजर. असे तीन दिवस झाले की त्या जागी एजन्सीची बाई. सूचना मीच वाचून दाखवली. आत्यानं नेहमीप्रमाणे कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं कुणाचाच अंगठा मागितलेला नव्हता. ती म्हणाली, "बावीस वर्सं रोज गेले. आता मी आले का न्हाई, हे त्या डबीला इचारायचं?"



इकडे माझं शेवटच्या वर्षाचं काम. विषय आम्हीच निवडायचा होता आणि मी मोठ्या ऐटीत निवडला होता : इलेक्ट्रॉनिक युगातली माणसाची ओळख. इंटरनेटवरून एका बोटाचा ठसा घेतला, त्याच्या रेषांच्या जागी आकडे भरले आणि भिंतीएवढा फ्लेक्स छापून आणला. निळा, चकचकीत. वर्गातली मुलं म्हणाली, भारी. आमचे सर फार बोलणारे नव्हते. डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "किसका अंगूठा है ये?"

"इंटरनेट से लिया सर."

"मतलब किसी का बी नै."

"सर, ते प्रतीक आहे..." मी मराठीतच सुरू झालो.

"हौ बाबा, समझा. मगर मैं देखूँ किसकू? आदमी किधर है इसमें?" आणि ते पुढच्या मुलाकडे गेले.

फ्लेक्सची गुंडाळी बगलेत मारून मी पायीच अंबरपेठेला आलो. वस्तीच्या टोकाला, मुसी नदीच्या बाजूला, म्हशींचा एक तबेला होता. त्याच्या लांब भिंतीवर वस्तीतल्या बायका सुट्टीच्या दिवशी गोवऱ्या थापायच्या. तिथं आरडाओरडा चालला होता. यादम्मा आणि साबेराबी वाळलेल्या गोवऱ्या काढताना भांडत होत्या. यादम्मा गोवऱ्यांना 'पिडकलु' म्हणायची आणि हिच्या टोपलीत माझे पिडकलु गेलेत, असं तिचं म्हणणं होतं. साबेराबी म्हणत होती, "इनपे क्या तेरा नाम लिखा है?"

आत्या मध्ये पडली. तिनं टोपली उपडी केली, उकिडवी बसली आणि एकेक गोवरी हातात घेऊन तीन ढीग करायला लागली. "ही यादम्माची, हिची बोटं खोल जातात. ही साबेराची, ही शेवटाला मनगट मुरडती. ही माझी." तिची करंगळी लहानपणापासून वाकडी, तिच्या गोवरीवर चारच बोटं नीट उमटायची, पाचवं नुसतं टेकल्यासारखं. दोघींनी आपापले ढीग पाहिले. आपापला ढीग उचलायला लागल्या. जणू ठाणेदारानंच निकाल दिला होता.

मी तिथं उन्हात उभा. बगलेत कुणाचाच नसलेला अंगठा. समोर भिंतभर माणसं.

त्या बायकांना मशीन ओळखत नव्हतं आणि त्या एकमेकींना शेणातल्या बोटांवरून ओळखत होत्या. मशीन जन्माबरोबर आलेल्या रेषा बघतं. गोवरीवर उमटतं ते माणसानं पुढं स्वतःच्या हातांचं जे केलं ते : किती जोर, कुठं मुरड, कुठली सवय, कुठलं दुखणं. रेषा झिजतात. हाताचा स्वभाव झिजत नाही. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं आणि तबेल्याच्या भिंतीवर ते माझ्या जन्माआधीपासून वाळत पडलेलं होतं.

फ्लेक्स मी पेंटरला देऊन टाकला. त्यानं त्याचा उन्हाला आडोसा केला.

पुढचे दिवस आठवले की अजून नाकात तो वास येतो : ओलं शेण, भुसा आणि तापलेली भिंत. मी आत्याला म्हटलं, मला तुम्हा तिघींच्या गोवऱ्या पाहिजेत, पुष्कळ. ती म्हणाली, "कॉलेजात जाळायच्यात?"

"लावायच्यात. भिंतीला."

"अरं, लोक भिंतीवरच्या काढून घेतात, तू काढलेल्या परत लावायलास?" पण थापल्या. तिघींनी थापल्या. शेवटी एक जागा भरायला मीही एक थापून पाहिली आणि कुणाला सांगितलं नाही. कॉलेजच्या फाटकावर रिक्षा अडली. शिपाई म्हणाला, "क्या मियाँ, कॉलेज है कि तबेला?" मी सांगितलं की हे माझ्या परीक्षेचं काम आहे. त्यानं एक गोवरी हुंगली, गंभीरपणे परत ठेवली आणि म्हणाला, "पास हो जाते तुम."

एका भिंतीवर मी तिघींचे शाईत उठवलेले अंगठे मोठे करून लावले. प्रत्येक चौकटीत नुसता करडा डाग, रेषेचा मागमूस नाही. समोरच्या भिंतीवर गोवऱ्या, सगळ्या मिसळून. कुठली कुणाची हे मागच्या बाजूला खडूनं लिहिलं होतं. समोरून मलाही सांगता आलं नसतं.

प्रदर्शनाच्या दिवशी तिघी कामावरून परस्पर आल्या. सोबत त्यांची मेट्रन, कमलम्मा. साबेराबीनं तिला ओढून आणलं होतं, "चलो अम्मा, हमारी नुमाइश है." आत्या दारात थबकली. चप्पल काढू की नको, तिला कळेना. शेवटी काढली. आपला करडा अंगठा तिनं चौकटीत निरखून पाहिला. मग वळली आणि समोरची भिंत पाहिली.

यादम्मा एका ढांगेत भिंतीशी. "इदि नादि!" तिनं एका गोवरीवर बोट ठेवलं. ही माझी.

सरांनी ती गोवरी काढून उलटी केली. मागं खडूनं यादम्माचंच नाव. सरांचे डोळे बारीक झाले. त्यांनी दुसरीकडे बोट दाखवलं. "ये?"

"मेरी," साबेराबी म्हणाली. "देखो ना, कैसी मुरड है."

उलटी केली. बरोबर. तिसरी, चौथी, दहावी. मुलं जमली, इतर वर्गांतले शिक्षक आले, बाहेरून आलेले परीक्षक हातातला चहा तसाच धरून उभे राहिले. तिघी आता रंगात आल्या होत्या. एक सांगायची, दुसरी तिच्या आधी सांगायची, सर उलटी करायचे आणि सगळे ओरडायचे. एकही चुकली नाही. मग आत्या कोपऱ्यातल्या एका गोवरीपाशी थांबली. बराच वेळ पाहत राहिली.

"ही माझी न्हाई. ह्यांचीबी न्हाई."

"फिर किसकी?" सरांनी विचारलं.

तिनं अंगठ्याच्या ठशावरून आपलं बोट आडवं फिरवलं, जिथं वाळल्या शेणात एक बारीक कंगोरा उमटला होता. "ही आमच्या दिगूची. डब्याच्या झाकणानं कापलं होतं ते."

सरांनी गोवरी उलटी केली. मागं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाहीनं डोळे पुसले. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता आणि आत्या मला विचारत होती, "काय झालं रे? चुकलं का माझं?"

जाताना कमलम्मानं करड्या चौकटींकडे पुन्हा एकदा पाहिलं. एक तारखेला तिघी भीत भीत मशीनपाशी गेल्या, तर तिच्या टेबलावर जुना हजेरीपट उघडून ठेवलेला. व्यवस्थापक म्हणाला, मॅडम, सिस्टिममध्ये अशी सोय नाही. त्यावर ती जे म्हणाली ते साबेराबीनं मला निदान वीस वेळा करून दाखवलं आहे, कमरेवर हात ठेवून : "मशीन को नै दिखते तो मशीन का चश्मा बदलो. मेरेकू बीस बरस से दिखरे." ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांची हजेरी मेट्रनच्या नजरेनं, असा नियम झाला. पुढं आत्यानं तिथं आणखी सहा वर्षं नोकरी केली आणि आपल्या मर्जीनं सोडली.

आता प्रदर्शनाच्या दिवसांत मुलं माझ्यासमोर आपापले विषय घेऊन येतात. चेहरा ओळखणारे कॅमेरे, आवाज ओळखणारी यंत्रं. मी त्यांना अडवत नाही. उत्साह मलाही होता. फक्त सरांचाच प्रश्न विचारतो, यात माणूस कुठं आहे? आणि मग फोनवरची माती पुसतो.

त्या उन्हाळ्यात माझा निकाल लागला तेव्हा आत्या गावी गेली होती. फोन करता आला असता. पण ती म्हणायची, "फोनवरचं बोलणं उडून जातं. कागद ट्रंकंत राहतो." तिला सगळी पत्रं चुलत घरातली सुमनवहिनी वाचून दाखवायची. तेव्हा पाठवलेलं ते पत्र आता माझ्याकडे आहे. ट्रंकेतून तिनंच काढून दिलं.

"ती. पारूआत्यास दिगूचा सविनय जयभीम.

मी पास झालो. पहिल्या वर्गात. सरांनी सांगितलं आहे की आपल्या भिंतीतली एक गोवरी कॉलेज काचेच्या पेटीत कायमची ठेवणार. कुठली ते मला निवडायला सांगितलं. मी वाकड्या करंगळीची दिली. खाली तुझं पूर्ण नाव लिहिलं आहे, मराठीत, तेलुगूत आणि इंग्रजीत. यादम्मा येऊन बघून गेली. माझी का नाही, म्हणून भांडली.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. हात घासायला मी सांगितलं, ती चूक माझी होती. तू त्यावरून एक शब्द बोलली नाहीस. मला माफ कर.

पदवीच्या अर्जावर मी सही केली. लांब रेघ ओढून, तुला आवडते तशी. इथून पुढंही सगळीकडे सहीच करीन. तुला दिलेला शब्द आहे.

पण या पत्राखाली सही केलेली नाही. पेंटरकडून शाई आणून उजवा अंगठा उठवला आहे, आडव्या चिरेसकट. कागद हातात आला की तू आधी खालचा कोपरा बघशील. सुमनवहिनी वाचायला बसायच्या आधीच तुला कळलेलं असेल, पत्र कुणाचं आहे ते."